रोलचा पहिला फोटो

डोळखांब,
नवरात्र, २००९

प्रिय भगीरथ,

'प्रिय' लिहिताना हात जरा अडला. पण पत्राची सुरुवात अशीच करायची असते, हे आश्रमशाळेत आपल्या दोघांना एकाच बाईंनी शिकवलं, म्हणून लिहिलं. त्यात फार काही शोधू नकोस. मी एके काळी तुझ्या पत्रांतल्या 'प्रिय मंगळी'मध्ये नको तेवढं शोधायचे, आणि पुढच्याच ओळीत वाचायला मिळायचं की उंबराजवळच्या कॅमेऱ्यासमोरचं गवत वाढलंय, कापून टाक. कॅमेरे काढून गेलास तेव्हापासून तुला एक ओळ लिहिली नाही. आजही लिहिणार नव्हते. का लिहितेय ते शेवटी सांगते, कारण आधी सांगितलं तर तू मधलं वाचणार नाहीस, आणि मधलंच तू वाचायला हवंस.

आधी खुशाली. पाऊस उशिरा आला, तरी भात उभं राहिलं. उतारावरची नाचणी त्याहून बरी आहे. बुधूकाकाला आता दिसत नाही. तुझा चुलता माणसाला आवाजावरून ओळखतो आणि तरीही वाघोबाच्या दगडापर्यंत एकटा जाऊन येतो. माझं लग्न झाल्याचं तुला कळलं असेलच. चांगो मुरबाडच्या बाजूचा, घाटाखालच्या पाड्यातला. बाबांना मी एकटीच, म्हणून तो इकडे राहायला आला. सरळ माणूस आहे, मनात एक आणि तोंडात एक असं त्याला जमत नाही. मुलगी चालायला लागली, बोलायलाही लागली. मी अंगणवाडी चालवते. आणि तुझ्या कॅमेऱ्याचं एक रिकामं खोकं अजून आमच्या चुलीजवळच्या फळीवर आहे. त्याच्या झाकणाचं रबर चांगलं आहे, म्हणून मी त्यात काडेपेट्या ठेवते. पावसाळ्यात सादळत नाहीत. तुझ्या संस्थेची एवढी एकच वस्तू आमच्या कामी आली म्हण.

२००३ च्या गणपतीनंतर तू आलास ते मला अजून दिसतं. डोळखांबपर्यंत जीप, पुढे पायी, अंगात सतरा खिशांचा शर्ट. बिबट्यांची मोजणी करायला संस्थेने तुला नोकरीवर घेतलं होतं. जंगलात फिरायची नोकरी मिळालेला आपल्या पाड्यातला पहिला पोरगा. बाकीचे सगळे जन्मभर नोकरीशिवायच फिरत होते, पण तेव्हा असं तिरकं कुणाच्या मनात आलं नाही. सगळ्यांना कौतुक होतं आणि मला सगळ्यांत जास्त. कॅमेरे तू पार मुरबाडपर्यंत लावलेस आणि आपल्या हद्दीत दोन, एक वाघोबाच्या वळणावर आणि दुसरा उंबराच्या पाण्याजवळ. खोक्याच्या पोटात साधा रोलचा कॅमेरा आणि वर एक छोटं भिंग. समोरून अंगात ऊब असलेलं काही हललं की फोटो आपोआप निघणार. पट्टा झाडाला कसा आवळायचा ते तू मला शिकवलंस. गुडघ्याच्या उंचीवर बांधायचा आणि वाटेला तिरका लावायचा, नाहीतर फोटो निघेपर्यंत बिबट्या पुढे जातो आणि हाती नुसती शेपूट येते. बांधून झाला की पुढून चालून बघायचं, लाल दिवा लुकलुकला की जमलं. पण माणूस उंच आणि बिबट्या बुटका, म्हणून तू मला हातपाय टेकून चालायला लावायचास. मी हसत सुटायचे, मधेच लोळायचे आणि दिवा लुकलुकतच राहायचा. अशी हसरी बिबटी असेल तर रोल एका दिवसात संपेल, असं तू म्हणायचास.

उंबराजवळचा कॅमेरा तू आधी मावळतीकडे तोंड करून लावला होतास. त्याचा पहिला रोल धुऊन आला तर निम्मे फोटो रिकामे. उतरतं ऊन थेट त्याच्या डोळ्यात जायचं, तापलेली पानं वाऱ्याने हलायची आणि खोकं फसायचं. मग तू तो वळवून उत्तरेला, उताराकडे तोंड करून बांधलास, आणि शेवटपर्यंत तो तसाच राहिला. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे. दुसरी खोड तारखेची. सेल बदलले की कॅमेऱ्यातली तारीख कुठल्यातरी जुन्या वर्षावर जाऊन बसायची. नीट लावली तरी पुढच्या सेलला पुन्हा तेच. त्यावर उपाय तूच काढलास. नवा रोल घातला की मी शाळेतली पाटी घेऊन समोर उभं राहायचं, पाटीवर खडूने जागा आणि तारीख, आणि आधी तोच फोटो निघू द्यायचा. म्हणजे कुठल्याही रोलचा पहिला फोटो माझा. कॅमेऱ्याची तारीख चुकेल, तुझी चुकणार नाही, असं तू म्हणाला होतास.

त्यातला एक फोटो तू मला दाखवायला आणलास. मी पाटी छातीशी धरून उभी, डोळे नेमके मिटलेले. मागे उतारावर तुमचं नाचणीचं रान, आणि त्यात तुझी आई वाकून तण बेणत होती. आई पण आली बघ, म्हणून तू हसलास. मी तो फोटो मागितला तर दिला नाहीस. हे पहिले फोटो मी वेगळे काढून ठेवतो, ते माझ्याकडेच राहणार, असं म्हणून वरच्या खिशात ठेवलास आणि खिशाचं बटण लावलंस. त्या बटणावर मी किती दिवस काढले ते आता सांगण्यात अर्थ नाही.

संक्रांतीला तू प्रशिक्षणाला गेलास. सहा महिन्यांत येतो म्हणालास, आणि दोन्ही कॅमेरे माझ्यावर सोपवलेस. इंग्रजी पुस्तिकेवरून मराठीत उतरवलेला एक कागद दिलास, काय बिघडलं तर काय करायचं त्याचा, वर प्लास्टिक चढवून. फोटो रिकामे आले तर समोरचं गवत आणि फांद्या कापा. फोटो धुरकट आले तर भिंगावर दव साचतंय, खोक्यात ओल शिरलीय. फोटोच निघाले नाहीत तर सेल बघा, मग मुंग्या बघा. मुंग्यांनी मला फार पिडलं. एकदा खोकं उघडलं तर आत अंडी घालून संसार थाटलेला. ओलीसाठी तू पाठवलेल्या पुड्या संपल्या, मग मी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी आत ठेवायला लागले, आपण मिठाच्या बरणीत टाकतो तशी. मे महिन्यात तर भर दुपारी खोकं आंधळंच व्हायचं, कारण जमीन अंगाएवढीच तापलेली, मग त्याला जनावराची ऊब वेगळी कशी कळणार? हे सगळं मी तुला लिहून कळवायचे. रोल आणि पत्र डोळखांबच्या पोस्टातून जायचं आणि तुझ्याकडून नवा रोल, सेल आणि उत्तर यायचं. मी लिहायचे की तुझी आई तापाने निजून होती, आता उठली, तुझी आठवण काढते, आणि वाघोबाच्या वळणावरचे सेल लवकर उतरतायत. उत्तर यायचं सेलबद्दल. मी लिहायचे की बाबा माझ्यासाठी स्थळ बघतायत, आणि उंबरापाशी फोटो धुरकट येतोय. उत्तर यायचं धुक्याबद्दल. एवढं नेमकं उत्तर देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला बुधूकाकाने वाघोबाला शेंदूर लावला, नारळ फोडला आणि उरलेला शेंदूर तेलात कालवून तुझ्या खोक्यालाही लावला. नीट, हात फिरवून, भिंगासकट. त्याचं साधं म्हणणं होतं. जो दगड वाघाला धरून ठेवतो त्याला आपण लावतो, मग जे खोकं वाघाकडे अहोरात्र बघत बसलंय त्याला का नाही? आणि खोकं त्याच्याच पुतण्याचं. झालं, रोल कोराच आला. मी रिठ्याच्या पाण्याने पुसून पुसून ते भिंग साफ केलं, आणि तुला गंमत म्हणून सगळं लिहिलं. वाटलं, निदान हसशील. तू लिहिलंस की अशा अंधश्रद्धेमुळे संशोधनाचं नुकसान होतं, लोकांना समजावून सांग. लोकांना! तुझा बाप गेल्यावर ज्या काकाने तुला खांद्यावर बसवून ओहळ ओलांडून शाळेत पोचवलं, तो तुझ्या लेखी एका वर्षात लोक झाला. मी तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं नाही. भग्याने आशीर्वाद मागितलाय, एवढंच सांगितलं.

त्यानंतर तू माणसांचा बिघाड काढलास. कागदावर तो नव्हता, पत्रातून आला. रोलमध्ये फोटो छत्तीस, आणि त्यातले बहुतेक लाकूडफाटा घेऊन जाणाऱ्या बायकांचे, शेळ्यांचे, पोरांचे. बिबट्या यायच्या आत रोल संपतो. हे फोटो काही उपयोगाचे नाहीत, ते वाया जातात, सगळ्यांना सांग समोरून जाऊ नका, असं तू लिहिलंस. तुझ्या मोजणीच्या हिशेबाने ते चूकही नव्हतं. तुझ्या वतीने मी घरोघर फिरून सांगितलं. उंबराची वाट तुला माहीत आहे. पाड्यातून निघून उंबरावरून सरळ उतारावरच्या नाचणीच्या रानात जाते, आपल्या आजापणज्यांच्या पायांनी पडलेली. ती सोडली तर दुसरा रस्ता खालच्या ओहळातून, दगडांवरून, चांगला लांबचा. डोक्यावर भारा घेऊन तिथून जायचं म्हणजे हाल. दुसऱ्या कुठल्या साहेबाने असं सांगितलं असतं ना, तर आपली माणसं मुद्दाम खोक्यासमोर जाऊन तोंड वेंगाडून आली असती. पण नाव तुझं होतं. भग्याचा रोल वाया जातो म्हटल्यावर कुणी एका शब्दाने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून अख्खा पाडा ओहळातून जायला लागला. पोरंसुद्धा शेळ्या वळवून तिकडून न्यायची. थोडं माझ्यासाठीही केलं असेल, कारण आपल्या दोघांचं सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तुझी आई त्याच ओहळात पडली. भाताच्या पेंढ्याचा भारा डोक्यावर, शेवाळावर पाय सरकला आणि मनगट गेलं. हाड बसवणाऱ्याने बसवलं, पण ते वाकडंच राहिलं, अजून तसंच आहे. उचलायला मी गेले तेव्हा ती कळवळत होती, आणि मी रागाने विचारलं की वरच्या वाटेने यायला काय झालं होतं, तर म्हणाली, "भग्याचा रोल फुकट गेला असता ना गो." मी हे वाक्य जसंच्या तसं तुला लिहिलं होतं. तुला आठवतं का तू काय उत्तर दिलंस? आईला जप. आणि त्याच्या खाली, रोल आता छान येतायत, माणसं एकदम बंद झाली, शाबास. तुझी आई, माझी गुणाकाकी, पत्र ऐकायला बसली होती. मी तिला फक्त शाबास ऐकवलं. ती दिवसभर त्याच आनंदात होती.

२००५ च्या उन्हाळ्यात तू कॅमेरे काढायला आलास, बरोबर संस्थेतली माणसं आणि खिशात लग्नाची पत्रिका. त्यावर मी आज भांडत नाही. तेव्हाही भांडले नाही. तुझ्या बायकोचं काही चुकलं नाही, आणि तू मला शब्द असा दिलाच नव्हतास, एक फोटो खिशात ठेवला होतास फक्त. पुढच्या वर्षी तू आईसाठी ते पुस्तक आणून दिलंस, मोजणीचा अहवाल. कव्हरवर वाघोबाच्या वळणावरून जाणारा बिबट्या, आतल्या पानावर तीन नावं, तिसरं तुझं. तू बोट ठेवून तिला तुझं नाव दाखवलंस. तिने ते पुस्तक देवापाशी ठेवलं, वर कापड घालून. पाहुणा आला की कापड बाजूला करते.

आता खरं सांगायचं तर इथून पुढचं लिहायला मला त्रास होतोय. माझं लग्न झालं त्या वर्षी चांगोने मला विचारलं, "तुमची मान्सा वाट सोडून वहाळातून का जातात गो?" तुझा कॅमेरा निघून तेव्हा कितीतरी दिवस झाले होते, पण वाट पुन्हा धरायची कुणाला आठवणच राहिली नव्हती. पाय एकदा वळले की वळले. पोरांना तर वाटायचं, उंबरापाशी जायचंच नसतं, तिथे काहीतरी आहे. आणि वापर नाही म्हटल्यावर ती वाट दोन पावसाळ्यांत करवंदीखाली गेली. चांगोने कोयता घेऊन थोडी तोडली, पुन्हा वाढली. त्याला मी सगळी हकिगत सांगितली तेव्हा तो म्हणाला की आमच्याकडे लावले होते त्यातला एक कॅमेरा पोरांनी दगड मारून फोडला, बरं केलं. मी त्याला रागावले होते. आज रागावणार नाही.

उतारावरच्या रानांचे वनहक्काचे दावे आपण सगळ्यांनी टाकलेत, हे तुला ठाऊक असेल. तुझ्यासारख्यांना तो कायदा माझ्यापेक्षा चांगला कळतो. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होतो असं दाखवायचं, आणि त्याला दोन पुरावे हवेत. ग्रामसभेने समितीचं काम माझ्याकडे दिलंय, कारण मला लिहिता येतं. एक पुरावा म्हाताऱ्यांचा जबाब. तो बुधूकाकाने दिला, हात पुढे करून करून कुठला बांध कुणाचा ते सांगितलं, डोळे नसताना. दुसरा पुरावा म्हणून आम्ही वाट धरली होती, पिढ्यांची वहिवाट, प्रत्यक्ष येऊन बघा म्हणालो. पाहणीला साहेब आले. मी उंबरापाशी उभी राहून म्हणाले, ही बघा वाट. समोर करवंदीची जाळी. साहेब वाईट नव्हते, दोनदा वाकून बघितलं. मग लिहून घेतलं की वाट दिसून येत नाही. बांध नवे-जुने कसे ठरवणार, असंही म्हणाले. पंचनाम्यावर मी समितीची म्हणून सही केली, दिसत नव्हती ते खरंच होतं.

गेल्या महिन्यात शहापूरला सुनावणी झाली. आम्ही टेम्पो करून गेलो, सगळे दावेदार, म्हातारीकोतारी धरून. वाटेतल्या शेणव्यापर्यंत बायका गात होत्या. तिथे साहेबांनी टेबलावरून एक पुस्तक उचललं आणि म्हणाले, ह्या भागाचा दोन वर्षांचा अभ्यास झालेला आहे, तज्ज्ञांचा, कॅमेरे लावून. त्यात वाक्य आहे, सर्वेक्षणाच्या अंतिम टप्प्यात उंबर पाणवठा आणि त्यावरील उतार या परिसरात मानवी वावर आढळला नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं. भगीरथ, तुझं वाक्य खोटं नाही. मी ते रात्रंदिवस डोक्यात फिरवून बघितलं, त्यात खोटं काही सापडत नाही. आढळला नाही. कसा आढळेल? तूच बंद केला होतास, शाबास म्हणून. मला फक्त एवढंच विचारायचंय, ते वाक्य टाइप होत असताना तू त्या खोलीत होतास का, आणि असलास तर तुझं मनगट दुखलं का.

पण हे झालं माझं. तुझ्या आईचं ऐक. साहेबांनी पुस्तक वर धरलं आणि कव्हरवरचा बिबट्या तिला दिसला. ती मागच्या रांगेतून उठली, पदर सारखा केला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ह्या माज्या भग्याचा बुक हाय, साहेब. आमच्या घरात पन हाय." आपल्या माणसांनी खाली बघितलं. येताना टेम्पोत ती एकटीच बोलत होती, की भग्याचं पुस्तक सरकारात गेलं, आता आपलं काम होणार. अख्ख्या टेम्पोत एकानेही तिला सांगितलं नाही की ते पुस्तक कुणाच्या बाजूने वाचलं गेलं. ज्यांचं रान चाललंय तेही गप्प बसले. त्या गप्प बसण्याएवढं तुझ्यासाठी कुणी काही केलं नसेल, ओहळातून चालणं धरूनसुद्धा. आणि जे रान आधी जाईल ते तिचंच आहे, उंबराच्या डोक्यावरचं.

ती आत्ता माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली आहे, वाकड्या मनगटाने चवळीच्या शेंगा सोलतेय. हे पत्र तिने लिहायला सांगितलंय. तिचा निरोप असा, "तुझा बुक साहेबाच्या टेबलावर बगला. वाघबारशीला घरी ये." एवढंच लिहायला मी बसले होते. येवढा काय लिवतंस गो, असं तिने दोनदा विचारलं, आणि मी म्हटलं, तुझाच निरोप नीट लिहितेय. दिवाळी झाली की शेवटची सुनावणी आहे, तेव्हा दुसरा पुरावा दिला नाही तर सगळ्यांचे दावे फेटाळले जातील. म्हणून वाघबारशीला ये, आणि येताना रोलचे पहिले फोटो घेऊन ये, जे तू वेगळे काढून ठेवलेस. फेकले असशील तर तेही येऊन तूच सांग, आणि पुस्तकातलं ते वाक्य तिला तूच वाचून दाखव, मी दाखवणार नाही. तू ते फोटो का ठेवलेस हे मला आता जाणून घ्यायचं नाही. कॅमेरा उताराकडे तोंड करून होता, आणि पाटीवर माझ्या अक्षरात २००३ आणि २००४ च्या तारखा आहेत. ते बाहेर काढशील तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. माझ्या मागे बघ, तुझी आई बेणतेय.

तुझ्याच पाड्यातली,
मंगळी